गच्च धरलेल्या भिंती

हौद रिकामा झाला की त्याला वास सुटतो. ओल्या सिमेंटचा, गंजलेल्या झाकणाचा आणि तळाशी बसलेल्या बारीक गाळाचा. यंदा चैत्र संपायच्या आतच तो वास फरशीखालच्या हौदातून आमच्या पोर्चमध्ये आला. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीला आठवड्यातून एकदा नळ येतो, तोही येईल तेव्हा खरा. त्यामुळं उन्हाळ्यात एक दिवस असा येतोच की हौद पार तळाला जातो, आणि त्याच दिवशी तो धुऊन घ्यावा लागतो. यंदा धुवायला माणूस लावला. तो उतरला, खराटा मारला, गाळ काढला, बाहेर आला. आतून एक शब्द बोलला नाही. मी झाकणाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. तीन वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत मी त्या भोकातून एक वाक्य आत टाकलं होतं. ते काढायला कुठला माणूस लावायचा ते मला माहीत नाही.

तेव्हा हौद रेणू धुवायची. रेणू माझी नात. दत्ता, माझा मुलगा, पाचोडला असतो, त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. त्याची ही थोरली. बारावीनंतर शिकायला माझ्याकडं आली ती राहिलीच. हौदाचं तोंड इतकं लहान की धड माणसाला खांदे तिरके करून उतरावं लागतं. रेणू काटकुळी, ती सरकन आत. पहिल्याच वर्षी आत उतरून ती गुणगुणायला लागली. एकेक सूर चढवत गेली आणि एका सुरावर अख्खा हौद घुमला. माझ्या पायाखालची फरशी थरथरली. त्याच्या वरच्या सुराला मात्र तो मेल्यासारखा गप्प.

"आज्जी, ह्याला एवढाच सूर आवडतो!" ती आतून ओरडली.

"आवडू दे. कोपरे घास."

पुढं तिनं शिकायला घेतलं ते ह्याच जातीचं होतं, हे मला फार उशिरा कळलं. पोरगी काय करते असं कुणी विचारलं की दत्ता "सायन्समध्ये आहे" म्हणून विषय संपवायचा. मी मात्र तिला विचारायची. माझी शाळा चौथीपर्यंतची. न कळणं मला नवं नाही, त्याची लाजही नाही. मी भाकरी थापायची आणि ती ओट्यावर बसून सांगायची.

दूर आभाळात दोन जड, मेलेले तारे एकमेकांभोवती गरगर फिरतात आणि एकमेकांत घुसतात. त्या हिसक्यानं मधली जागाच ताणली जाते, आखडते, आणि ती ताण-आखड पाण्यावरच्या तरंगासारखी पसरत येते. ती गुरुत्वीय लहर. तारेच असं नाही, त्याहून चमत्कारिक काहीतरी असू शकतं, ज्याचा अजून कुणाला पत्ता नाही. लहर भिंतीतून जाते, भाकरीतून जाते, आपल्यातून जाते, आणि कुणाला काही कळत नाही.

"मग तुला कसं कळणार?"

तिनं मांडणीवरचा स्टीलचा डबा काढला. डाळ दुसऱ्या भांड्यात ओतली आणि डबा रिकामा करून माझ्यापुढं धरला. धातूची अशी बंद पोकळी घ्यायची, आतली हवा काढून टाकायची आणि तिच्यात वीज-चुंबकाचं क्षेत्र भरायचं. म्हणजे रेडिओच्या असतात तसल्या लाटा आत कोंडायच्या. हौदाला एकच सूर मानवतो, तसे पोकळीलाही ठरावीकच सूर मानवतात. त्यातला एक काठोकाठ भरायचा. शेजारचा एक रिकामा ठेवायचा. आभाळातली लहर पोकळीतून गेली, की भरलेल्या सुरातलं कणभर रिकाम्या सुरात सांडणार. तेवढं सांडलेलं पकडायचं.

"म्हंजे लीक टेस्ट," मी म्हणाले.

ती डबा हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. मग हसायला लागली. "व्हय आज्जी. लीक टेस्टच."

हे मला कळलं त्यात माझी हुशारी नाही. चिकलठाण्याच्या एका लहान कारखान्यात मी बावीस वर्षं तेच केलं. मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाक्या यायच्या. तोंडं रबरानं बंद करायची, आत हवा दाबायची, टाकी पाण्यात बुडवून धरायची आणि बघत बसायचं. हिवाळ्यात बोटं पांढरी पडायची, नखांच्या कडा कुजायच्या. नव्या बायका पहिला बुडबुडा दिसला की "लीक, लीक" ओरडायच्या. मी त्यांना सांगायची, थांब. बाहेरून चिकटलेली हवा एकदा वर येते आणि संपते. भोक असलं तर बुडबुडा त्याच जागेवरून परत येतो, परत येतो, माळेसारखा. एकदा गाडी भरायची घाई होती. सुपरवायझर म्हणाला, "मावशी, एवढी एक जाऊ द्या." मी म्हणाले, "जाऊ देते. तुमच्या गाडीला बसवा." टाकी परत गेली. त्या गोष्टीचा मला माज होता. रेणूला मी ती शंभरदा सांगितली असेल.

रेणू डबा बनवत नव्हती. लहर आलीच तर किती सांडेल, एवढं गणित तिच्याकडं होतं. किती सांडणार हेच माहीत नसेल तर डबे बनवणाऱ्यांनी बनवायचं काय? तीन वर्षं ती ते करत होती आणि उत्तर मोठं आलं होतं. म्हणजे तसं कणभरच, पण आधी लोकांना वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ मोठं. तिचे पीएच.डी.चे सर खूश होते. जूनमध्ये प्रबंध द्यायचा होता.

आणि तो जून माझ्या गळ्याशी आला होता. दत्तानं एक स्थळ बघून ठेवलं होतं. तो दिवाळीत येऊन म्हणाला होता, "माय, आता पुरे झालं. अठ्ठावीसची हुईल. लोकं मला विचारतेत." मी म्हणाले होते, "जूनपर्यंत थांब. जूनमध्ये पुस्तक गेलं तर तिच्या वाटंला जायचं नाय. नाय गेलं तर तू घेऊन जा. जबाबदारी माझी." रेणूसमोरच बोलले होते. तिनं मान डोलावली होती. असली वाक्यं म्हातारपणी माणूस फार सहज टाकतं.

तो उन्हाळा मला अंगावर आठवतो. आभाळ निळं नव्हतंच, ॲल्युमिनियमच्या पातेल्यासारखं पांढरं होतं. चिकलठाण्याकडं उतरणारं विमान डोक्यावरून जायचं तेव्हा त्याचं पोट दिसायचं नाही, नुसता आवाज. कूलरला घालायला पाणी नाही म्हणून तो कोरडाच चालवायचो; तो तोंडावर भट्टी ओतायचा. दूध सकाळचं दुपारी नासायचं. वरच्या खोलीचा स्लॅब संध्याकाळी सातलाही हाताला सोसत नसे. रेणू त्या खोलीतून खाली येईना.

आधी भाकरीचे तुकडे ताटाखाली सापडायला लागले. मग फणीत केसांचे गुंते. मग कागद. एकाच पानाच्या दहा-दहा नकला, पहिल्या चार ओळी सगळीकडं सारख्या, आणि पाचव्या ओळीवर आडवी रेघ. मला वाटलं, पोरीचं काहीतरी भलतंच आहे. मी सरळ विचारलं.

"कुणी पोरगा हाये का?"

"नाय."

"मग दिवस गेलेत का?"

"आज्जी! पोराशिवाय?"

"तुमच्या सायन्समध्ये काही बी व्हतं."

ती हसली. तो उन्हाळा मोजायला बसले तर तेवढंच हसू हाताला लागतं.

शेजारच्या शकीलाभाभी गच्चीवरून सगळं बघायच्या. त्यांचं शिवणाचं मशीन जिन्याच्या सावलीत असायचं, जीभ मशीनपेक्षा जोरात. "मावशी, तुमची पोरगी सूखके काटा हो गई. आसमानमें क्या नापती है, नापने दो. पर उसकू बोलो, पैले रोटी खाके नापो." मी म्हणायची, "तुम्हीच सांगा." त्या म्हणायच्या, "मेरी कायकू सुनती? मैं उसकू ब्लाउज लूज सी दी तो भी वो 'भाभी, बराबर है' बोलती. झूठी है एक नंबर की." नाही हो भाभी. खोटं तेवढंच बोलत होती ती, ब्लाउजपुरतं.

हौद धुवायचा दिवस आला. सकाळी नऊलाच फरशी तापली होती. नळ येणार असं सांगितलं होतं, म्हणून घाई. रेणू आत उतरली, मी वरून बादली सोडली. खराट्याचा आवाज आला, गाळ ओढल्याचा आला. दोन बादल्या वर आल्या. तिसरी येईना.

"काय झालं गं? भर की."

"आज्जी," ती म्हणाली. त्या पोकळीत तिचा आवाज चारी बाजूंनी आला. "माझं गणित चुकलंय."

मी पालथी झोपले आणि तोंड भोकाशी नेलं. आत मोबाईलचा उजेड होता. ती कोपऱ्याला पाठ लावून उकिडवी बसली होती.

"बाहेरचा बुडबुडा हाये का आतला?"

"आतला. तिथूनच परत परत येतोय."

मग तिनं मला सांगितलं. अंधारात बसून सांगितलं म्हणून असेल, मला ते आजपर्यंत तसंच्या तसं आठवतं. लहर पोकळीतून जाते तेव्हा काय होतं, हे दोन जागांवरून बघता येतं. एका जागेवरून बघितलं तर डब्याच्या भिंती हलताना दिसतात. दुसऱ्या जागेवरून बघितलं तर मोकळ्या सोडलेल्या भिंती आपल्या जागीच दिसतात, आणि आतलं क्षेत्रच थेट बदलताना दिसतं. दोन्ही खरं आहे. पण एकदा एका जागेवर उभं राहिलं की शेवटपर्यंत तिथूनच बघायचं. तिनं क्षेत्र एका जागेवरून घेतलं आणि भिंती दुसऱ्या जागेवरच्या. भिंती गच्च धरल्या, हलतच नाहीत म्हणून. त्या गच्च नव्हत्या.

"मग किती फरक पडतो?"

"सगळाच. आकडा मोठा आला तो ह्याच्यामुळं आला. नीट केलं तर सांडतच नाय फारसं काही."

"सरांना माहीत हाये का?"

"नाय."

"अजून कुणाला?"

"कुणालाच नाय. सगळ्यांनी बघितलं, कुणाला दिसलं नाय. मलाच परवा दिसलं."

माझ्या छातीखाली फरशी पोळत होती. मला तेव्हा काय दिसत होतं ते लिहिते. पाचोडचं घर दिसत होतं, तिथलं स्वयंपाकघर, आणि त्यात रेणू. मला विज्ञान दिसत नव्हतं, तारे दिसत नव्हते. मी एकटी राहिलेलं हे घर दिसत होतं, आणि दत्ताचं तोंड.

मी म्हणाले, "मग कुणाला कळतंय? दे तसंच. जूनमधी दे आन मोकळी हो."

माझं ते बोलणं आत गेलं आणि माझं राहिलं नाही. जाड झालं, मोठं झालं, भिंतींना लागून फिरत राहिलं. मला वाटलं, खाली ती विचार करतेय. मी आणखी बोलले. म्हणाले, पुढं तूच दुरुस्त कर की, कोण अडवतंय. म्हणाले, माझ्या तोंडाकडं बघ. म्हणाले, सगळं जग असंच चालतं. बावीस वर्षांत सुपरवायझरनं मला जे जे ऐकवलं होतं, ते सगळं माझ्या तोंडून निघत होतं, आणि मला ते पाठ होतं.

तेवढ्यात नळ सुटला. आधी पाइपात हवा फुसफुसली, मग तांबूस पाण्याची धार धडाडकन हौदात पडली.

"रेणे, वर ये. पाणी आलं."

ती उठली नाही.

"वर ये म्हणते ना!"

पाण्यानं तिची पावलं भिजली, मग घोटे. ती उजेडात आपले पाय बघत बसली होती. हौद भरायला दोन तास लागतात, हे मला कळत होतं. पाणी गुडघ्याच्या वर यायलाच अर्धा तास. तरी मी ओरडत सुटले. माझे गुडघे गेलेले, मी उतरू शकत नव्हते, आणि माझा हात तिच्यापर्यंत पुरत नव्हता. मी त्या दिवशी देवाचं नाव घेतलं नाही. शकीलाभाभींचं घेतलं.

त्या मशीन टाकून धावत आल्या. आत डोकावल्या. "या अल्ला. ए छोकरी! पानी पीने का है, तेरे पाँव धोने का नै! बाहर आ!" मग माझ्याकडं वळल्या, "क्या बोले तुम उसकू?"

ते मी त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही.

रेणूनं हात वर केला तो भाभींकडं. भाभींनी तिला ओढून काढलं. तिची सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती. ती माझ्या अंगावरून गेली म्हणजे खरोखरच माझ्या अंगावरून, मी अजून फरशीवर पडलेली होते. जिना चढली. दार लावलं नाही. लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांकडं गेली आणि सगळं सांगून आली. कळलं ते मला तिच्याकडून नाही, चार दिवसांनी आलेल्या दत्ताकडून. तिनं बापाला फोन करून स्वतःच सांगितलं होतं, की जूनमध्ये पुस्तक जाणार नाही, आणि आपण पाचोडला येणार नाही. दत्ता मला म्हणाला, "माय, तू शब्द दिला व्हता." मी म्हणाले, "दिला व्हता." तो वर गेला, तासाभरानं खाली आला. डोळे लाल. "ती म्हणती, मला उचलून न्या. नायतर जा." त्यानं चहा घेतला नाही. स्थळ मोडलं. पाचोडच्या घरी आम्हा दोघींचं नाव निघालं की दत्ता ताट आपटतो, असं सून एकदा फोनवर म्हणाली.

म्हणजे जे टाळायला मी तोंड उघडलं होतं ते पोरीनं एकटीनं टाळलं. मी नसते बोलले तरी टाळलंच असतं. हे सरळ गणित मला मांडता येतं आणि मी ते रोज मांडते. कारखान्यात मी भोक पडलेली टाकी जाऊ दिली नाही, कारण ती कुणा परक्याच्या गाडीला बसणार होती आणि मला त्यात गमवायचं काही नव्हतं. घरात गमवायचं होतं तर मी दुसऱ्या जागेवर जाऊन उभी राहिले. रेणूला तिची चूक दिसली तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं. मला माझी दिसली तेव्हा मी हौदावर झाकण सरकवलं आणि कुकर लावला.

ती सकाळी क्लासमध्ये मुलांना शिकवते, दुपारपासून वरच्या खोलीत असते. नोंदणीची मुदत वाढवून घेतली, तीही सरत आली. माझ्याशी भांडलेली नाही. औषधं वेळेवर देते, गुडघ्यांना तेल लावते, भाजी काय आणू विचारते. फक्त ओट्यावर बसत नाही. मी विचारलं, "कुठवर आलं तुझं?" तर म्हणते, "चाललंय आज्जी." दत्ताला ती जेवढं उत्तर द्यायची, तेवढंच आता मला मिळतं. गेल्या महिन्यात जिन्यात उभी राहून मी तिचं फोनवरचं बोलणं ऐकलं. चोरूनच. ती सरांना सांगत होती, "भिंतींचं हलणं आणि क्षेत्राचं बदलणं एकमेकांना खाऊन टाकतात, सर. लहर संथ असेल तर जवळजवळ काही उरत नाही." मला लगेच विचारावंसं वाटलं, जवळजवळ म्हणजे किती? आणि लहर जलद असेल तर? मी जिन्यातच बसून राहिले. पाय दुखत होते म्हणून, असं तिला सांगितलं.

यंदा हौद धुऊन तो माणूस गेला, त्या संध्याकाळी मी वर गेले. चौदा पायऱ्या मी एरवी चढत नाही. ती कागदांत होती. कपाळाशी केस पांढरे व्हायला लागलेत, एकतिसाव्या वर्षी.

मी दारातच म्हणाले, "तेव्हा मी चुकीचं बोलले."

"कधी?"

तिला माहीत होतं. तिला माझ्याकडून पूर्ण ऐकायचं होतं, आणि तो तिचा हक्क होता. मी सगळं म्हणाले. कुणाला कळतंय, दे तसंच, असं मी म्हणाले होते. तू आत बसलेली असताना म्हणाले होते. तुला गमवायच्या भीतीनं म्हणाले होते, पण म्हणाले होते.

ती पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिली.

"हं," ती म्हणाली. मग, "एवढं चढून कामून आलीस? गुडघे सुजतील."

मी खाली आले. पीठ मळलं. तिला जिन्यावर पावलं वाजवायची सवय आहे, म्हणून मी कान तिकडं ठेवून तवा तापवला. ती आली, ताट घेतलं, ओट्यावर नाही, पाट मांडून माझ्या समोर बसली. पहिली भाकरी वाढली, दुसरी वाढली. ती पोटभर जेवली, खाली मान घालून. पोकळीचं, भिंतीचं, लहरीचं काही बोलली नाही. मी तिसरी थापायला घेतली, सावकाश.